सोसायटीतल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या, तर पर्यावरणाचं नक्की काय वाचतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन विंगची, पाच मजली सोसायटी. जिन्यात ३० आणि पार्किंगमध्ये १६ जुन्या ट्यूब, कंपाउंडला १५० वॉटचे सहा सोडियम दिवे. हे सगळं काढून एलईडी करायचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आहे. काही सभासदांचं म्हणणं, लाइटबिल कमी होईल हे मान्य, पण पर्यावरणाच्या गप्पा ही नुसती जाहिरात. चालू दिवे काढून टाकणं हाच उलट कचरा. आणि जोडप्रश्न: घरातले सीएफएल चालू आहेत, तेही आत्ताच बदलावेत का?

आक्षेप घेणाऱ्या सभासदांचं अर्धं बरोबर आहे. दिवा एलईडी आहे एवढ्यानं काहीच वाचत नाही. त्या जागी आधी किती वॉट जळत होते, रोज किती तास आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, यावर सगळं अवलंबून आहे. जिन्यातली ट्यूब रोज बारा तास चालू असते, तिथे हा बदल आजच करावा असा आहे. माळ्यावरचा बल्ब वर्षातून चार वेळा लागतो. तो जुना पिवळा असला तरी राहू द्या.

आता तुमच्या सोसायटीचा हिशेब. चार फुटी ट्यूबवर ३६ वॉट छापलेलं असतं, पण ते फक्त नळीचं. पट्टीतला तांब्याचा चोक स्वतः दहा-बारा वॉट खातो आणि त्याची उष्णता करतो. म्हणजे एका ट्यूबचे ४८ वॉट धरा. १५० वॉटचा सोडियम दिवाही चोकसकट १७० वॉटच्या आसपास जातो. जिन्यात ३० ट्यूबचे १,४४० वॉट, बारा तासांत १७.३ युनिट. पार्किंगच्या १६ ट्यूबचे ७६८ वॉट, ९.२ युनिट. कंपाउंडचे १,०२० वॉट, १२.२ युनिट. बेरीज रोजची ३८.७ युनिट, वर्षाची साधारण १४,१०० युनिट.

बदली करताना ‘चार फुटी काढली म्हणून चार फुटीच लावायची’ हा हिशेब सोडून द्या. जिन्याच्या एका टप्प्याला हजार लुमेन (लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप) भरपूर होतात, त्याला दोन फुटी १० वॉटची एलईडी पट्टी पुरते. पार्किंगला चार फुटी २० वॉट. कंपाउंडला ५० वॉटचे चांगल्या प्रतीचे पथदिवे, कारण सोडियम दिवा सगळ्या दिशांना प्रकाश फेकतो आणि त्यातला बराचसा झाडावर नाहीतर आभाळात जातो. एलईडीचा प्रकाश खाली रस्त्यावरच टाकता येतो. आता भार झाला ३०० + ३२० + ३०० = ९२० वॉट. रोज ११ युनिट, वर्षाला सुमारे ४,०००. वाचले साधारण १०,१०० युनिट.

हे झाले मीटरवरचे युनिट. वीजकेंद्रापासून तुमच्या मीटरपर्यंत तारांत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये काही वीज गळते. ती गळती १५ टक्के धरली तर केंद्रात सुमारे ११,९०० युनिट कमी तयार करावे लागतील. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रीडचा सरासरी उत्सर्जन गुणांक दरवर्षी जाहीर करतं. तो अलीकडच्या वर्षांत युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. त्या हिशेबानं तुमच्या सोसायटीचे वर्षाला ८.३ टन वाचतात.

खरा आकडा याहून वरचा असणार. सरासरीत दुपारची सौर वीजही मोजलेली असते, आणि तुमचे दिवे लागतात सूर्य मावळल्यावर. संध्याकाळी सात ते दहा हा राज्यात मागणीचा चढता काळ: घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, स्वयंपाकघर सगळं एकदम चालू आणि सौर शून्य. त्या वेळी कोयनेचं पाणी धावून येतं, पण रात्रभराचा मुख्य भार कोळसाच वाहतो. रात्री वाचलेलं युनिट बहुतेक वेळा कोळशाचं असतं, आणि कोळशाच्या युनिटमागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड जातो. तसं धरलं तर बचत ११ टनांच्या पुढे जाते. सभेत सांगताना मात्र ८.३ टनच सांगा. कमी आकड्यावर कुणी वाद घालत नाही.

कार्बनचा टन कुणाला दिसत नाही, म्हणून याच ११,९०० युनिटांकडे दुसऱ्या बाजूनं बघू. आपल्याकडच्या कोळशाचा दर्जा धरता युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम लागतो. म्हणजे पावणेआठ टन, एक भरलेला ट्रक. भारतीय कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. त्या ट्रकातून अडीच-तीन टन राख उरते, आणि ती चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या आसपासच्या राखेच्या तळ्यांत जाऊन पडते किंवा सिमेंट-विटांच्या कारखान्यात जाते. उन्हाळ्यात वारा सुटला की तिथल्या गावांत ती घराघरात शिरते.

आणि पाणी. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेनं जुन्या औष्णिक केंद्रांना मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. साध्या भाषेत एका युनिटमागे साडेतीन लिटर. तुमचे ११,९०० युनिट म्हणजे ४१ हजार लिटरच्या वर, दहा हजार लिटरचे चार टँकर. हे टँकर सोसायटीच्या दारात येणार नाहीत, ते इरई धरणात किंवा आणखी कुठल्या जलाशयात राहतील. पण त्याच वर्षी, २०१५ मध्ये, परळीचं केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं, हे मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा.

देशपातळीवरही हेच गणित चाललं. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या, स्वस्त एलईडी वाटण्याच्या केंद्राच्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. योजनेच्या बचतीचे जे मोठे आकडे छापून येतात ते गृहीत तासांवरून काढलेले आहेत, घरोघरी मोजलेले नाहीत, एवढं ध्यानात ठेवून ते वाचावेत. पण बाजारभाव पडला हे खरं, आणि पिवळा बल्ब त्या भावानंच मारला.

आता ‘चालू दिवा फेकणं म्हणजे कचरा’ या आक्षेपाकडे. दिव्याच्या आयुष्यभराच्या ऊर्जेचा हिशेब मांडला, म्हणजे ॲल्युमिनियम, प्लास्टिक, चिप, वाहतूक आणि शेवटी विल्हेवाट सगळं धरलं, तरी नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा वापरातल्या विजेचाच निघतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासातही हेच चित्र आहे. त्यामुळे जिथे वापराचे तास भरपूर आणि वॉटचा फरक मोठा, तिथे नवा दिवा तयार करायला गेलेली ऊर्जा थोड्याच महिन्यांत वसूल होते. तास कमी आणि फरकही कमी असेल तर वर्षानुवर्षं होत नाही.

घरातल्या सीएफएलला हाच काटा लावा. १४ वॉटचा सीएफएल काढून ९ वॉटचा एलईडी लावला तर वाचले पाच वॉट. रोज चार तास जळत असेल तर वर्षाला ७.३ युनिट, बाथरूममध्ये रोज अर्धा तास असेल तर एका युनिटपेक्षाही कमी. तो सीएफएल जाईपर्यंत वापरा. उलट ६० वॉटचा पिवळा बल्ब रोज चार तास जळत असेल तर ९ वॉटचा लावल्यावर वर्षाला ७४ युनिट वाचतात. तो फेकायला संकोच नको, त्यात पाराही नसतो. (पूर्ण फेकू मात्र नका. एखादा १०० वॉटचा बल्ब वायरमनला वायरिंग तपासायचा सिरीज लॅम्प म्हणून नेहमी लागतो. आणि पिल्लांना ऊब द्यायला बल्ब लावणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला एलईडी सुचवू नका, त्याला उष्णताच हवी आहे.)

घरात सगळ्यांच्या नजरेतून सुटतो तो झिरोचा दिवा. नावात झिरो असलं तरी जुना काचेचा झिरो बल्ब १२ ते १५ वॉट खातो. देवघरात किंवा पॅसेजमध्ये तो रात्रभर, नऊ-दहा तास चालू राहतो: महिन्याला चार युनिट, म्हणजे हॉलमधल्या २० वॉटच्या एलईडी पट्टीपेक्षा जास्त, जर ती पट्टी रोज पाच-सहा तास लावत असाल तर. त्या जागी अर्ध्या वॉटचा एलईडी झिरो मिळतो. रोज जळणाऱ्या पिवळ्या बल्बनंतर घरातला फायद्याचा बदल हाच, आणि तो जवळजवळ कुणीच करत नाही.

लगे हात एक गोष्ट: ज्यांच्या घरी दिवे आधीच एलईडी आहेत त्यांनी आता दिव्यांमागे लागू नये. ७५ वॉटचा जुना पंखा दिवसाला पंधरा तास फिरतो, त्या जागी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० वॉटमध्ये तेवढंच वारं देतो. एका पंख्यात रोज ६७५ वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिटाच्या जवळपास बचत होते. उरलेले सगळे दिवे मिळून एवढं देणार नाहीत.

आता खरी अडचण. कागदावर एलईडीचं आयुष्य २५,००० तास असतं. रोज बारा तास धरले तर पावणेसहा वर्षं. हा आकडा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो आणि तो चिपचा असतो. प्रत्यक्षात चिपच्या आधी ड्रायव्हर (चिपला हवी तशी वीज पुरवणारं आतलं सर्किट) जातो, आणि ड्रायव्हरमध्येही बहुतेकदा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या आत द्रव असतो, तो उष्णतेनं वाळतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून घुमटाकार बंद काचेच्या आत बसवलेला ९ वॉटचा बल्ब दीड वर्षात जातो आणि तोच बल्ब उघड्या होल्डरला पाच वर्षं टिकतो. पोर्चमध्ये, लिफ्टच्या लॉबीत बंद काच असेल तर त्यात बल्ब कोंबू नका. तिथे गोल सरफेस पॅनेल लावा, ज्याचा ॲल्युमिनियमचा पाठचा भाग छताला किंवा हवेला लागून असतो. दीड वर्षात मेलेल्या दिव्यानं वीज वाचवलेली असतेच, पण ड्रायव्हर, ॲल्युमिनियम, प्लास्टिक असा सगळा डोलारा कचऱ्यात जातो, आणि सभासद म्हणतात ते खरं व्हायला लागतं.

खरेदी करताना खोक्यावर काय बघायचं? वॉटच्या आधी लुमेन. वॉटला १०० लुमेनपेक्षा कमी देणारा दिवा आजच्या बाजारात घेण्याचं कारण नाही. मग भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक, जो इंग्रजी आर अक्षरानं सुरू होतो; बल्बवर आयएस १६१०२ लिहिलेलं असतं. एलईडी बल्बना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं स्टार लेबल २०१८ पासून सक्तीचं आहे, तेव्हा तेही असलंच पाहिजे. नोंदणी क्रमांक किंवा लेबल नसलेला माल फुटपाथवर अर्ध्या किमतीत मिळतो. त्यात बहुतेक वेळा वॉटही खोटे असतात आणि शॉकचाही धोका असतो, कारण आतलं सर्किट सरळ मेन्सला जोडलेलं असतं.

पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटचा किती भाग खरा कामाला येतो त्याचं प्रमाण, हा मुद्दा दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. ९ वॉटच्या बल्बचा पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर तो ४३ मिलिअँपिअर करंट ओढतो. स्वस्त बल्बचा ०.५ असतो, तो ७८ ओढतो. घरगुती मीटर दोघांचे ९ वॉटच मोजतो, बिलात फरक पडत नाही. पण तारेतला तोटा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे गावाच्या तारांत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये तो तिपटीहून जास्त होतो. एका बल्बचा नगण्य असतो. एका फीडरवर (एका भागाला वीज नेणाऱ्या लाइनवर) दहा हजार बल्ब आले की नगण्य राहत नाही. ०.९ किंवा जास्त लिहिलेलाच घ्या.

बसवताना. जुनी पट्टी चांगली असेल तर पार्किंगमध्ये तीच ठेवून फक्त एलईडी नळी घालता येते, पत्रा वाया जात नाही. पण चोक आणि स्टार्टर काढलेच पाहिजेत. चोक मध्ये ठेवला तर दोन-तीन वॉट विनाकारण जातात आणि दिवा लुकलुकतो. मेन बंद करा, टेस्टरनं खात्री करा, स्टार्टर काढा, चोकच्या दोन्ही वायरी सोडवा. त्यानंतर नळीवरचा नकाशा वाचा, कारण दोन प्रकार असतात. एका प्रकारात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाच्या होल्डरला जोडायचे असतात, दुसऱ्यात एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. दुसऱ्या प्रकारात एक टोक होल्डरमध्ये गेलं आणि दुसरं हातात राहिलं तर हातातल्या पिनांवर फेज येऊ शकतो. म्हणून नळी बसवताना मेन बंदच. नवीन घेणार असाल तर एका टोकाला दोन्ही वायरी येणारी घ्या. काम झालं की पट्टीवर मार्करनं ‘चोक काढला आहे, जुनी ट्यूब लावू नये’ असं लिहा. नाहीतर दोन वर्षांनी वॉचमन गोडाऊनमधली जुनी ट्यूब आणून लावतो आणि तिची फिलामेंट फटकन उडते.

जिन्याच्या दिव्यांना सेन्सर लावायचा असेल तर एलईडीच योग्य. ट्यूब आणि सीएफएल दर चालू-बंदला झिजतात, एलईडीला त्याचा फरक पडत नाही. पण दिवे पूर्ण विझवणारा सेन्सर लावू नका, अंधाऱ्या जिन्यात म्हातारं माणूस पाऊल टाकायला घाबरतं. पायाभूत मंद प्रकाश ठेवून माणूस आल्यावर पूर्ण उजेड देणारा प्रकार घ्या. उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर काचेपलीकडचं बघत नाही, मायक्रोवेव्ह सेन्सर पातळ भिंतीतून आणि दारातूनही बघतो. फ्लॅटच्या दाराला लागून तो लावला की आत कुणी चाललं तरी जिना उजळतो आणि बचत संपते. कंपाउंडच्या दिव्यांचा फोटोसेल (उजेड ओळखून दिवा लावणारा-विझवणारा सेन्सर) कधीही त्याच दिव्याच्या उजेडात येईल असा लावायचा नाही. दिवा लागला की सेलला वाटतं सकाळ झाली, तो बंद करतो, अंधार झाला की पुन्हा लावतो. रात्रभर हा खेळ चालतो.

बंद केल्यावरही मिणमिणणारा दिवा ही दुसरी नेहमीची तक्रार. कारणं दोनच-तीन: स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसलेला असतो, किंवा स्विचमध्ये लाल इंडिकेटर असतो, किंवा जिन्याच्या दोन ठिकाणांहून चालणाऱ्या स्विचच्या लांबलचक समांतर वायरींतून थोडा करंट झिरपतो. पिवळ्या बल्बला एवढ्याशा करंटचं काही वाटत नव्हतं, एलईडीला वाटतं. पहिलं कारण सुरक्षेच्या दृष्टीनंही वाईट आहे, ते वायरमनकडून दुरुस्त करूनच घ्या.

कंपाउंडचे एलईडी दरवर्षी जूनच्या पहिल्या वळवात मरतात, त्याचं कारण वीज पडून तारांत आलेला व्होल्टेजचा झटका. सोडियमचा जाडजूड चोक तो सहन करायचा. पथदिव्याच्या आत १० किलोव्होल्टचं सर्ज संरक्षण आहे ना ते बघा, कॉमन मीटरच्या बोर्डात एक सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस लावा आणि त्याचं अर्थिंग तपासा. अर्थिंग नसेल तर ते डिव्हाइस नुसतं शोभेला.

उतरवलेल्या ४६ ट्यूब आणि सहा सोडियम दिव्यांचं काय करायचं, हे ठराव मांडण्याआधी ठरवा. प्रत्येक ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, सीएफएलमध्येही तीन ते पाच. सोडियम दिव्यातही असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भंगारवाल्याला दिल्या तर तो दोन्ही टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या काढून घेतो आणि काच जागेवर फोडतो. पारा हवेत आणि मातीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ट्यूब आणि सीएफएल घरगुती घातक कचऱ्यात धरले, आणि ई-कचऱ्याच्या नियमांतही ते येतात. पार्किंगच्या नव्या चार फुटी दिव्यांच्या रिकाम्या खोक्यांत काही जुन्या ट्यूब बसतील, जिन्याच्या दोन फुटी खोक्यांत मात्र बसणार नाहीत. अखंड ठेवा, परवानाधारक ई-कचरा संकलकाला द्या, पावती घ्या. चोक वेगळे काढून भंगारात खुशाल विका, तांब्याला भाव आहे.

ट्यूब किंवा सीएफएल फुटला तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, लोकांना पंधरा मिनिटं बाहेर. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा नाही, त्यानं पारा उडतो. जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीनं उचला, शेवटी ओल्या कागदानं पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात भारत २०१८ पासून आहे, आणि २०२३ च्या बैठकीत फ्लोरोसंट दिवे २०२७ च्या अखेरपर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं आहे. म्हणजे ट्यूबचे सुटे भाग मिळणं पुढे आपोआपच अवघड होत जाणार.

कंपाउंडच्या दिव्यांचा रंग हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवतो, कारण इथे एलईडी सोडियमपेक्षा पर्यावरणाला वाईटही ठरू शकतो. सोडियमचा पिवळा-केशरी उजेड किड्यांना कमी खेचतो. ६,५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळा) पांढऱ्याफटक एलईडीत निळा भाग जास्त, त्याच्याभोवती पाखरांचा थवा जमतो आणि सकाळी खाली मेलेल्या किड्यांचा सडा दिसतो. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्राऐवजी दिव्यांकडे वळतात, पुरुषवाडी-भंडारदऱ्याकडे मे-जूनमधले काजवे प्रखर उजेडात एकमेकांचे इशारे बघू शकत नाहीत. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं आकाश काळोखं राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवेच बदलले गेले. सोसायटीला एवढं करायची गरज नाही. ३,००० केल्विन किंवा त्याहून खालचा वॉर्म रंग घ्या, दिवा जमिनीला समांतर बसवा, वर तिरका करू नका, आणि रात्री अकरानंतर अर्धा प्रकाश करणारा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. समोरच्या बेडरूमवाल्यांचीही झोप वाचेल.

आणि बचत परत खाऊन टाकू नका. ‘आता कितीही लावा, एलईडीच तर आहे’ असं म्हणत हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये सात वॉटचे बारा दिवे आणि कडेनं दोन पट्ट्या येतात. बारा दिव्यांचेच ८४ वॉट झाले; जुनी ट्यूब चोकसकट ४८ वॉटमध्ये भागवत होती. कंपाउंडलाही सहाच्या जागी दहा खांब उभे करायचा मोह होईल. ठरावात दिव्यांची संख्या आणि एकूण वॉट दोन्ही लिहा.

काम झाल्यावर बचत खरंच झाली का, हे बिलावरून कळणार नाही, कारण कॉमन मीटरवर लिफ्ट आणि पंपही आहेत, शिवाय डिसेंबरची रात्र जूनपेक्षा दोन तासांहून मोठी असते. त्यापेक्षा मीटरवरचा लाल ठिपका मोजा. मीटरवर ‘१६०० इम्पल्स प्रति युनिट’ असं काहीतरी छापलेलं असतं. रात्री पंप बंद आणि लिफ्ट उभी असताना, फक्त दिवे चालू ठेवून, एका मिनिटात ठिपका किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मोजलेला आकडा गुणिले ६०,००० भागिले १६०० म्हणजे त्या क्षणीचे वॉट. (मीटर सीटीचा, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरमार्फत मोजणारा असेल तर त्याच्या गुणकानं पुन्हा गुणा.) आज मोजाल तर मिनिटाला ८६ च्या आसपास लुकलुक येईल, बदलानंतर २५ यायला हवी, लिफ्टच्या पॅनेलचा थोडासा भार दोन्ही वेळा वर धरा. २५ च्या जागी ४० आली, तर ठेकेदारानं बसवलेल्या पट्ट्यांवरचे वॉट आणि आतले वॉट वेगळे आहेत, आणि बिल देण्याआधी त्याला पुन्हा जिन्यावर चढवायचं.